मुस्तफाचं मशीन भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या ठाणे पुरवणीत जुन्या ठाण्याबद्दलची पत्रं येतात ती मी न चुकता वाचते. कोणी मासुंदा तलावावर लिहितं, कोणी वंदना, मल्हार, गणेश टॉकीजवर, कोणी नौपाड्यातल्या वाड्यांवर, पण आपल्याकडे गल्लोगल्ली जी व्हिडिओ गेमची पार्लरं होती त्यांच्यावर कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. म्हणून मीच लिहितेय. पत्र लांबलंय, जागा कमी असेल तर मधलं कापा पण शेवटची विनंती तेवढी ठेवा प्लीज.

मागच्या उन्हाळ्यात मी महिनाभर दादाकडे अमेरिकेत होते, शिकागोजवळ नेपरव्हिलला. तिकडे गेल्यावर लोक जे बघतात ते सगळं बघून झालं, तलाव, उंच बिल्डिंगी, म्युझियम, आणि मग एका रविवारी दादा म्हणाला चल आज तुला एका ठिकाणी नेतो, काय ते विचारू नकोस. त्याच्या घराजवळून ऑग्डन अॅव्हेन्यू नावाचा रस्ता जातो, त्याच रस्त्याने सरळ पूर्वेकडे गेलं की ब्रुकफील्ड नावाचं छोटं गाव लागतं, प्राणिसंग्रहालयासाठी प्रसिद्ध आहे ते. तिथे रस्त्यालाच लागून एक बसकी साधी इमारत, बाहेरून गोडाऊन वाटावी अशी, आणि त्यावर नाव, गॅलपिंग घोस्ट आर्केड.

आत नऊशेच्या वर मशीनं आहेत. मी चुकून शून्य जास्त लिहिलेलं नाही, नऊशेच्या वर. २०१० साली सुरू झालं तेव्हा याच्या कितीतरी कमी होती, मग वाढत वाढत गेली, दर सोमवारी एक गेम नव्याने लावतात, नवीन म्हणजे त्यांच्याकडे आधी नसलेला, बाकी तो कितीही जुना असू शकतो. दारात एकदा पैसे भरायचे आणि मग दिवसभर काय हवं ते खेळायचं, कॉइन नाही, कार्ड स्वाइप नाही, तिकिटं जमवून प्लॅस्टिकचं खेळणं घ्यायचं नाही. सगळी मशीनं फ्री प्लेवर. ज्यांनी फक्त मॉलमधले गेम झोन बघितलेत त्यांना हे कसं वाटेल सांगता येत नाही, मला मात्र दारातच घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, आणि ते का झालं हे सांगायला मला १९९४-९५ च्या नौपाड्यात जावं लागेल.

आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीला लागून एक गाळा होता, त्यात चार मशीनं. दाराला काळा रेक्झिनचा पडदा, कारण उजेड आला की स्क्रीनवरचं दिसत नाही. एक रुपयाला एक कॉइन. दादा पंधरा वर्षांचा आणि मी अकरा. संध्याकाळी दिवेलागणीला आई म्हणायची, जा गं, दादाला हाक मार. मी जायचे आणि पडद्याच्या बाहेर उभी राहून ओरडायचे, दादाऽऽ, आई बोलावतेय. आत जायचं नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिथे एकही मुलगी आत जात नव्हती, त्यामुळे ते सांगावं लागतच नव्हतं. तो म्हणायचा आलो आलो, एक लाइफ राहिलीय, आणि ती एक लाइफ दहा-पंधरा मिनिटं चालायची आणि मी बाहेर उभी. जवळजवळ दोन वर्षं, रोज. म्हणजे त्या चारही गेम्सचे आवाज मला तोंडपाठ, पण चित्र एकाचंही माहीत नाही. पडदा हलला की निळा-लाल उजेड आणि पोरांच्या पाठी दिसायच्या, तेवढंच.

तर त्या ब्रुकफील्डच्या आर्केडमध्ये शेकडो मशीनं एकाच वेळी वाजत असतात, कोणी खेळत नसलं तरी ती स्वतःची स्वतः डेमो दाखवत असतात, सुरुवातीला नुसता गोंगाट वाटतो. दादा पुढे, मी मागे, अरुंद बोळ, दोन्ही बाजूला मशीनं, बाहेरचा उजेड नाहीच. आणि चालता चालता मी थांबले. डावीकडून कुठूनतरी एक आवाज आला आणि मी दादाला म्हटलं, अरे हा आपल्या गल्लीतला आहे. तो वळून बघायला लागला, कारण त्यालाही अजून मशीन दिसलं नव्हतं. आवाजाच्या मागे गेलो आणि तिसऱ्या रांगेत सापडलं. मुस्तफा!

आपल्याकडे सगळे त्याला मुस्तफाच म्हणायचे, खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला. चार जणांतला कोणीही एक घेता येतो, जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस, पण पिवळी टोपीवाला मुस्तफा घेण्यासाठी आपल्याकडे मारामारी व्हायची म्हणून गेमचंच नाव मुस्तफा पडलं, त्याची ती पळत येऊन मारलेली लाथ म्हणे सगळ्यात भारी. आणि चार जणांत एक बाई आहे हे मला बेचाळीसाव्या वर्षी कळलं! दोन वर्षं ज्या गेमच्या आवाजात मी उभी होते त्यात एक बाई खेळत होती आणि मला पत्ताच नव्हता. मी हॅना घेतली, दादाने मुस्तफा, आणि तिसऱ्या जागेवर माझा भाचा, त्याने मेस घेतला. तीन जणांनी खांद्याला खांदा लावून खेळायचा गेम आहे तो. आठ लेव्हल आहेत, आम्ही आठही पूर्ण केल्या, फ्री प्ले असल्यामुळे मेलं की पुन्हा स्टार्ट दाबायचं. एका लेव्हलला गाडी मिळते आणि समोरच्यांना उडवत जायचं असतं, तिथे मी इतकी जोरात ओरडले की शेजारच्या मशीनवरचे दोघं वळून हसायला लागले.

मध्येच दादाने विचारलं, तू आत का नाही आलीस गं कधी? मी म्हटलं, तू बोलावलंस का कधी? त्यावर तो काही बोलला नाही, बराच वेळ नुसता खेळत राहिला. मग म्हणाला, माझ्या लक्षातच नाही आलं. मला राग नव्हता आणि नाही, त्या वयात त्याच्या तरी काय लक्षात येणार, पण तो प्रश्न तिथे त्या मशीनसमोरच विचारला गेला, घरी सोफ्यावर बसून तो तीस वर्षांत कधी निघाला नव्हता.

त्यानंतर आम्ही पाच तास तिथे होतो. भाच्याला प्रत्येक गोष्टीची माहिती, तो मला हाताला धरून फिरवत होता. स्पेस इनव्हेडर्स दाखवला, १९७८ चा, तोमोहिरो निशिकादो नावाच्या जपानी माणसाने बनवलेला, त्यात वरून उतरणारे परग्रहवासी मारत गेलं की उरलेले जोरात पळतात, ते मुद्दाम केलेलं नव्हतं म्हणे, काढायची चित्रं कमी झाली की तो बिचारा प्रोसेसर मोकळा होतो आणि भराभर चालतो, आणि निशिकादोला ते इतकं आवडलं की तसंच ठेवलं. पॅकमॅनमध्ये २५६ व्या लेव्हलला अर्धी स्क्रीन अक्षरांच्या कचऱ्याने भरते, कारण लेव्हल मोजणारा आकडा २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. तिथवर आम्ही अर्थातच पोचलो नाही. पण त्याच पॅकमॅनबद्दल भाच्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. १९८० साली तो बनवणारे तोरू इवातानी यांनी तो मुद्दाम अशासाठी केला की गेमच्या दुकानांत नुसती पुरुषांची गर्दी असायची, मारामारी आणि गोळीबाराचेच गेम असायचे, तर तिथे मुलींनी यावं, जोडप्यांनी यावं. म्हणजे मी पडद्याबाहेर उभी राहायच्या चौदा-पंधरा वर्षं आधी जपानमध्ये एक माणूस हाच विचार करत होता.

आणि सेंटिपीड! अटारी या अमेरिकन कंपनीचा, १९८१ चा, एड लॉग यांच्याबरोबर डोना बेली नावाच्या बाईने बनवलेला. त्याला जॉयस्टिक नाही, एक मोठा बॉल बसवलेला असतो तो तळहाताने फिरवायचा, वरून गोम उतरत येते तिला मारायचं. मी त्याच्यावर सलग पाऊण तास होते. तो बॉल हाताखाली कसा पळतो, त्याला वजन असतं, जोरात ढकलला की सोडल्यावरही फिरत राहतो, हे मोबाइलवर बोट फिरवून कळणारच नाही. हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. हे सगळे गेम कॉम्प्युटरवर मिळतात हे मला माहितीय, मेम नावाचं सॉफ्टवेअर १९९७ पासून आहे आणि त्या लोकांनी केलेलं काम फार मोठं आहे, त्यांच्यामुळे कित्येक गेम पूर्ण पुसले जाण्यापासून वाचले. पण मशीन ही वेगळी वस्तू आहे. पिक्चर ट्यूबचा तो थोडा पसरलेला मऊ उजेड, बटण खाली गेल्यावर होणारा टक्क आवाज, लाकडाला टेकवलेलं मनगट, शेजारच्याचा कोपर लागणं. अॅस्टेरॉइड्ससारख्या गेममध्ये तर स्क्रीनच वेगळी, ठिपक्यांची नाही, किरण सरळ रेषा ओढत जातो, आणि ती गोळी सुटल्यावर जी चमक येते ती आपल्या आताच्या कुठल्याही टीव्हीवर तशी येत नाही.

दुर्मिळ मशीनंही बघितली. प्रायमल रेज २ नावाचा एक, पहिला भाग १९९४ ला आला होता, दुसरा बनत आला आणि अटारीने बाजारात यायच्या आधीच बंद केला. तो इथे उभा आहे आणि कोणीही जाऊन खेळू शकतं. काचेत नाही, दोरी बांधलेली नाही. भाच्यासाठी हे ताजमहालासारखं होतं, मला तो गेम स्वतःला फारसा आवडला नाही, पण अशी दुर्मिळ वस्तू लहान पोरांच्या हाती देणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटलं. शिकागो म्हणजे तसंही या धंद्याचं गाव, बॅली, विल्यम्स, मिडवे सगळ्या कंपन्या तिथल्याच, मॉर्टल कॉम्बॅट हा गेम १९९२ साली तिथेच बनला. त्यामुळे त्यांना आपल्या गावची वस्तू म्हणून जपाविशी वाटते हे साहजिक आहे.

एका कोपऱ्यात एक मशीन मागून उघडलं होतं आणि एक तरुण कारागीर त्यात डोकं घालून बसला होता. दादा तिथे अर्धा तास. दादा ज्या गाळ्यात खेळायचा तिथेच तो सोल्डरिंग शिकला, गेमवाले काका त्याला मशीनच्या आतला सर्किटचा बोर्ड धरायला द्यायचे आणि त्या बदल्यात दोन कॉइन, पुढे डिप्लोमा केला आणि आज जे काही आहे ते त्या सोल्डरिंगपासून सुरू झालं असं तो स्वतः सांगतो. घरच्यांना मात्र वाटायचं पोरगं वाया चाललंय. (न्यूयॉर्कमध्ये तर १९४२ ला महापौरांनी पिनबॉलची मशीनं स्वतः हातोड्याने फोडली होती आणि बंदी थेट १९७६ पर्यंत होती, म्हणजे ही भीती सगळीकडचीच.)

त्या कारागिराशी बोलून दादाने मला समजावलं ते असं. १९८५ च्या सुमाराला जपानी कंपन्यांनी जामा नावाचं एक ठरावीक कनेक्शन ठरवलं, ५६ पिनांचं, त्यामुळे लाकडी खोकं तेच ठेवून आतला बोर्ड बदलला की गेम बदलतो. आपल्या गल्लीतही तेच व्हायचं, एका रात्रीत स्नो ब्रोसच्या जागी दुसराच गेम. कॅपकॉमच्या काही ओरिजिनल बोर्डांवर एक छोटी बॅटरी असते आणि कॉपी होऊ नये म्हणून जी गुप्त आकड्यांची किल्ली लागते ती त्या बॅटरीच्या जोरावर टिकते, बॅटरी मेली की किल्ली पुसली जाते आणि चांगला बोर्ड मुका होतो. मुस्तफाचा ओरिजिनल बोर्ड त्यातलाच. निओ जिओ नावाच्या दुसऱ्या जपानी गेम मशीनच्या बोर्डांवरची बॅटरी तर फुटते आणि तिचं पाणी तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतं. पण यावर जगभरातल्या हौशी लोकांनी उपाय काढलेत, मेलेले बोर्ड परत उठवता येतात, फक्त बोर्ड हातात असायला हवा.

आता ठाण्याचं. परत आल्यावर मी गेमवाल्या काकांना शोधून काढलं. गाळा कधीच गेला, तिथे आता सात मजली बिल्डिंग आहे. काका कळव्याला राहतात, पंचाहत्तरीचे आहेत. २००१-०२ ला सायबर कॅफे आले, घरोघरी कॉम्प्युटर आले, पोरं यायची बंद झाली आणि चारपैकी तीन मशीनं त्यांनी भंगारवाल्याला दिली. भंगारवाल्याने तिथेच रस्त्यावर पिक्चर ट्यूब फोडली आणि मागच्या कॉइलचं तांबं काढून घेतलं, लाकूड शेजारच्यांनी पाणी तापवायला नेलं. काका हे सांगताना शांत होते पण त्यांनी मुस्तफाचं मशीन कसं बनवून घेतलं होतं हे सांगायला लागले तेव्हा उठून उभे राहिले. प्लाय कोपरीच्या एका सुताराने कापलेला, वर हिरवा सनमायका, टीव्हीचीच ट्यूब, बोर्ड लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, आणि नाणं टाकायची फट आपल्या रुपयाच्या मापाची कानशीने घासून केलेली. वर नाव पेंटरकडून मराठीत लिहून घेतलेलं, मुस्तफा.

ते ऐकल्यावर मला ब्रुकफील्डमधली ती नऊशे मशीनं आठवली. त्यांच्याकडे जगातलं काय काय आहे, पण सनमायकाचं, रुपयाच्या फटीचं, देवनागरीत नाव रंगवलेलं मशीन मला तिथे दिसलं नाही. ते फक्त आपल्याकडे होतं. ते कंपनीने बनवलेलंच नव्हतं त्यामुळे त्याची कुठे नोंद नाही, कॅटलॉग नाही, ते आपल्या सुतारांनी, पेंटरांनी आणि टीव्ही मेकॅनिकांनी मिळून बनवलं होतं. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने २०१२ मध्ये पॅकमॅन आणि टेट्रिस आपल्या संग्रहात घेतले, म्हणजे जगाला याचं मोल कळलंय, आणि आपण आपलं तांब्याच्या भावात दिलं. काकांना मी दोष देत नाही, त्यांना घर चालवायचं होतं आणि त्यांना कोणी सांगितलंच नाही की हे ठेवा.

म्हणून ठाणे, कळवा, वाशी, तुर्भे, पनवेलपर्यंतच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गाळ्यात, गोडाऊनमध्ये, माळ्यावर, गावच्या घरी जर असं मशीन पडलं असेल, बंद असलं तरी, उंदरांनी वायरी खाल्ल्या असल्या तरी, ते भंगारात देऊ नका. नुसता बोर्ड असेल तर तोही. त्याला लगेच वीज जोडू नका, आधी बॅटरी फुटलीय का ते बघा आणि जाणकाराला दाखवा. पिक्चर ट्यूबला मागून हात लावू नका, बंद केल्यावरही तिच्यात जोरदार शॉक बसेल इतका विजेचा दाब राहतो. मशीन नसेल पण जुना फोटो असेल, वाढदिवसाचा किंवा गणपतीचा काढलेला आणि मागे पार्लर दिसतंय, तर तोही जपून ठेवा. आणि ज्यांनी ही पार्लरं चालवली, ही खोकी बनवली, ते आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत, त्यांच्याशी बोला, लिहून घ्या. म्युझियम, जागा, परवानग्या ते सगळं नंतर, आधी वस्तू तर उरल्या पाहिजेत. आणि कधी जागा झालीच तर मशीनं चालू ठेवा आणि दाराला पडदा लावू नका एवढंच मागणं, कारण माझ्यासारख्या बाहेरून नुसती हाक मारून परत गेलेल्या बायका या शहरात पुष्कळ असतील, आणि त्यांना सुद्धा एकदा हॅना घेऊन खेळता यायला हवं.

काकांनी चौथं मशीन दिलं नव्हतं. म्हणजे खोकं गेलं, पण बोर्ड त्यांनी काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, का ठेवला ते त्यांनाही सांगता आलं नाही. त्यावर पेनाने "मु" लिहिलंय. तो डबा आता माझ्याकडे आहे, दादाने व्हिडिओ कॉलवर अर्धा तास उलटसुलट करून बघितला, म्हणाला ओरिजिनल नाही, कॉपी आहे, त्यामुळे बॅटरीची भानगड नाही, चालेल बहुतेक. दिवाळीला तो येतोय. हिरवा सनमायका मला मिळालाय, सुतारही मिळालाय, फक्त पिक्चर ट्यूबवाला चालू टीव्ही किंवा जुना मॉनिटर मिळत नाहीये, वीस किंवा एकवीस इंची. कोणाकडे असेल तर कृपया आपल्या कार्यालयात कळवावं, माझा फोन नंबर मी पत्रासोबत वेगळा दिला आहे, छापू नये. घेऊन जायला मी स्वतः येईन. काकांना पहिला कॉइन टाकायला बोलावलंय, ते जुन्यातला एक रुपया शोधून ठेवतो म्हणालेत.

आपली,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)